बाबांची अंगठी आणि कोथिंबिरीचं रबर

नर्मदाकाठच्या आमच्या शहरात गोरखपूर नावाचा मोहल्ला आहे; तिथल्या लग्नाच्या हॉलमध्ये दर रविवारी मेलेल्यांची हजेरी लागायची. जिवंत माणसं सतरंजीवर बसत आणि एकेक जण माईकवर येऊन सांगे, की रात्री स्वप्नात आपल्याकडे कोण आलं होतं. कुणाची आई, कुणाचा थोरला भाऊ. एका बाईंकडे तर त्यांचा मेलेला कुत्रा आला होता आणि शुद्ध हिंदीत बोलला होता. टाळ्या पडत. मग पांढऱ्या सोफ्यावरचे बाबा निद्रेश्वर डोळे अर्धे उघडत. पूर्ण कधीच उघडत नसत. पूर्ण जागं असणं हे त्यांच्या मते सामान्य माणसाचं लक्षण होतं.

"बेटा, मृत्यु एक दरवाज़ा है," ते म्हणत. "और उसकी कुंडी इस अंगूठी में है।"

तांब्याची ती अंगठी दाराजवळच्या टेबलावर विकत मिळायची. तिथे कार्डही चालायचं. मोक्षाच्या वाटेवर सुट्ट्या पैशांचा घोळ नको.

श्रीरंगरावांना इथे त्यांचे शेजारी भय्यासाहेब घेऊन आले. श्रीरंगराव म्हणजे संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतले निवृत्त तपासनीस. सारी नोकरी माल पास-नापास करण्यात गेली. बाजारात कांदासुद्धा ते सगळ्या बाजूंनी फिरवून घ्यायचे. पण गेल्या वर्षी त्यांची बायको राजश्री गेली, आणि त्यांनी कांदे बघणं सोडलं. भाजीवाला देईल ते पिशवीत घालून घरी यायचे.

"माझे बापू रोज येऊन राहिले ना स्वप्नात," भय्यासाहेब म्हणाले.

"काय म्हणतात?"

"सगळ्याला हो म्हणतात. गाडी घेऊ? हो. दुकान वाढवू? हो."

बापूंना श्रीरंगराव चांगले ओळखत होते. जिवंतपणी त्यांनी मुलाच्या एकाही गोष्टीला हो म्हटलं नव्हतं. मरणाने माणूस इतका सुधारतो, हे श्रीरंगरावांना नवीन होतं. तरी त्यांनी अंगठी घेतली. रिकाम्या घरात माणूस काहीही घेतो.

साधना सोपी होती. दिवसभरात अंगठीकडे लक्ष गेलं की थांबायचं, मनाशी विचारायचं, 'हे स्वप्न तर नाही?' आणि हाताची बोटं मोजायची. पहाटे उठायचं, थोडं बसायचं, आणि 'आता स्वप्नात मला कळेल' असं घोकत पुन्हा झोपायचं. बोट जास्त दिसलं तर समजायचं, आपण परलोकात पोचलो.

पहिले काही दिवस नुसती झोपमोड झाली. बाबांनी निदान केलं, "श्रद्धा कच्ची है।" मग एका पहाटे श्रीरंगरावांना हाताला सहा बोटं दिसली. समोर स्वयंपाकघर होतं, आणि पोळ्या लाटणारी राजश्री. आनंदाने त्यांचं काळीज असं उसळलं की ते तिथेच जागे झाले. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी हात चोळा, आत्मा टिकतो. त्यांनी चोळले. राजश्री टिकली. तिने वळून पाहिलं, हसली. सकाळी श्रीरंगरावांचा चहा समोर तसाच राहून गार झाला.

बाबांनी लोखंड तापलेलं पाहिलं. "अब महामुद्रिका बनेगी। बहूजी का मंगलसूत्र लाओ। सराफ़े में अपना सुनार है, उसका सोना अंगूठी में गला देगा। फिर वो रोज़ आएगी।"

रोज येईल. श्रीरंगरावांनी कपाटातून मंगळसूत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि घरातल्या टेबलावर ठेवलं. ते त्यांच्या मेव्हणीने पाहिलं. यामिनी, राजश्रीची धाकटी बहीण, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि येताना नेहमी भाजी घेऊन यायची.

"जीजाजी, हे बाहेर काहून काढलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"ताई दिसली तुम्हाला?"

"दिसली. खोटं नाही बोलून राहिलो."

"माहीत आहे. स्वप्न पडलं हे खरंच आहे. स्वप्नात असताना हे स्वप्न आहे हे कळतं माणसाला. सरावाने शिकताही येतं. जगभर लोक शिकतात, प्रयोगशाळेत तपासूनही झालंय. त्यात बाबाचं काय?"

"अंगठी."

"अंगठी म्हणजे पदराला मारलेली गाठ. आठवण राहावी म्हणून. दिवसभर जे करता ते स्वप्नातही करता. झोपेत मेंदूला बोटं धड काढता येत नाहीत, म्हणून सहा. लांब स्वप्नं पहाटेच्या झोपेत पडतात, म्हणून बाबा पहाटे उठवतो. आणि हात चोळले की लक्ष स्वप्नातच राहतं, जाग येत नाही. आत्मा-बित्मा काही नाही."

"पण ती तीच होती, यामिनी."

यामिनीने पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं आणि त्यांच्या मनगटात घातलं.

"अच्छा, चलो. तुम्ही तपासनीस ना? तपासा. अंगठी काढा, हे रबर ठेवा. आणि ताई आली की तिला एक विचारा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला तिने उखाण्यात तुमचं नाव कसं घेतलं होतं?"

"मला काय माहीत? तिथे आम्हाला कुठे येऊ देता तुम्ही बायका."

"म्हणूनच. तुम्हाला माहीत नाही, तिला माहीत आहे, मला माहीत आहे. ती असेल तर सांगेल."

रबराने अंगठीइतकंच इमानाने काम केलं. राजश्री आली. श्रीरंगरावांनी हात चोळले आणि विचारलं. ती लाजली आणि म्हणाली, "नर्मदेच्या घाटावर लावला तुपाचा दिवा, श्रीरंगरावांचा सहवास जन्मोजन्मी हवा."

हा तर तिने लग्नात घेतलेला उखाणा. तो त्यांना पाठच होता.

सकाळी त्यांनी फोनवर सांगितलं. पलीकडून यामिनी एवढंच म्हणाली, "नाही, जीजाजी. हा नव्हता."

रविवारी बाबांनी त्यांना माईकपाशी बोलावलं. "लाओ बेटा, अमानत लाओ।"

श्रीरंगरावांचा हात खिशातल्या रुमालावरच राहिला. "बाबाजी, त्याआधी एक सवाल. माझ्या बायकोने हळदीकुंकवाला कोणता उखाणा घेतला होता? तिची बहीण इथेच बसली आहे. तिला माहीत आहे."

बाबांचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले. "आत्मा परीक्षा नहीं देती, बेटा।"

"परीक्षा न देणारा माल आमच्या फॅक्टरीतून बाहेर जात नव्हता." त्यांनी हात वर करून रबर दाखवलं. "अंगठी काढून ठेवली. हे कोथिंबिरीचं रबर घातलं, तरी बायको आली. पण मला ठाऊक होतं तेवढंच बोलली. भय्यासाहेब, तुमचे बापू सगळ्याला हो काहून म्हणतात? कारण तिथे विचारणारे तुम्ही आणि बोलणारेही तुम्हीच."

भय्यासाहेब सतरंजीकडे बघू लागले. मागून एक बाई म्हणाली, "अहो, पण तो उखाणा काय होता?"

यामिनी जागेवरच उभी राहिली. "ताई म्हणाली होती, 'फॅक्टरीत तपासतात तोफगोळे, घरी तपासतात पोळी; श्रीरंगराव, एकदा तरी पास करा, बायको आहे भोळी.'"

आधी बायका हसल्या, मग हॉल हसला. श्रीरंगरावही हसले, आणि हसता हसता त्यांना माईक धरवेना. इतक्या स्वप्नांत राजश्रीने त्यांना एकही नवी गोष्ट सांगितली नव्हती. ही नवी होती, आणि शंभर टक्के तिचीच होती. दाराजवळच्या टेबलावर अंगठ्या परत करणाऱ्यांची गर्दी झाली. तिथे मात्र आता कार्ड चालत नव्हतं.

श्रीरंगराव अजूनही कधीकधी पहाटे हात चोळतात. राजश्री दिसते, बरं वाटतं. त्यात पाप नाही आणि चमत्कारही नाही. स्वप्न आपलंच असतं, त्याच्या दाराला कडी-कुंडी नसते आणि कुणा बाबाचा पहाराही नसतो. गेलेल्या माणसाविषयी आणखी काही हवं असेल, तर ज्यांनी त्याला पाहिलंय त्या जिवंत माणसांना जाऊन विचारावं. ते सोनं मागत नाहीत. आणि कुणी मागितलंच, तर आधी एक प्रश्न टाकावा आणि त्याचे डोळे किती उघडतात ते बघावं.

मंगळसूत्र कपाटात परत गेलं. त्या दिवशी श्रीरंगरावांनी स्वतः पोळी लाटली. कडा जाड होत्या, मध्ये करपली होती. त्यांनी ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, "पास."