‘हो’ म्हणणारा पाय

टेलरबाई दवाखान्यात पाय तपासून घ्यायला आल्या त्या केवळ मुलाने टुमणं लावलं म्हणून. साखरेचा आजार बारा वर्षांचा. पायाची जाण गेली असं निघालं, तर मुलगा मशीन बंद करायला लावणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. तीस वर्षं पायाने मशीन हाणून घर चालवलेली बाई ती! पाय ठणठणीत आहे असंच सांगायचं, हे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या.

त्यात डोकं आधीच तापलेलं. सोमवारी मशीनची सुई तुटली आणि टोक काही सापडेना. सुनेने लोहचुंबक घेऊन फरशीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, तरी बाईंनी खापर तिच्याच माथी फोडलं. "लक्ष कुठे असतं गं तुझं? उद्या ते टोक गिऱ्हाइकाच्या बाळाच्या फ्रॉकमधून निघालं म्हणजे?" सून रडली, तरी बाईंचा पट्टा चालूच. तेव्हापासून चार दिवस दोघींत अबोला.

"डोळे मिटा, मावशी," नर्स म्हणाली. तिच्या हातात नायलॉनचा जाडसर दोरा होता. "हा तळव्याला टेकवते. जाणवला की हो म्हणा."

जाणवतंय डोंबल! पण नर्स पुढे वाकली की तिची खुर्ची करकरायची. करकर झाली की बाई म्हणायच्या, "हो." असे आठ-दहा हो झाले.

"मावशी, आता मी दोरा टेकवलाच नव्हता. नुसती खुर्ची हलवली."

बाई ओशाळल्या. "अगं, हाताला सगळं कळतं माझ्या. कापड चिमटीत धरलं की सूत सांगते मी."

"हाताची खबर डोक्यापर्यंत पोचते ना! दाब पडला की नसा निरोप धाडतात. दाब जास्त, तर निरोप भराभर. तुमच्या पायाच्या नसा गप्प झाल्यात." बोलता बोलता तिने टाच उजेडात धरली आणि ती थबकली. चिमट्याने काहीतरी ओढून तिने ट्रेमध्ये टाकलं.

सुईचं टोक.

बाई बघतच राहिल्या. चार दिवस टाचेत! त्याच पायावर उभं राहून त्यांनी सुनेला फैलावर घेतलं होतं. नर्स जखम धूत असतानाच त्यांनी फोन लावला.

"सुई सापडली गं. माझ्याच टाचेत होती. चुकलं माझं."

"अगंबाई! आई, खूप दुखतंय का?"

बाईंचे डोळे भरून आले.

"नाही गं. काहीच कळत नाही पायाला. उद्यापासून मशीनवर तू बस."