जांभळ्या उजेडातला अभिराम

कोल्हापूरचा माणूस यंत्राचेसुद्धा लाड करतो. खंडेनवमीला ट्रक धुतील, लेथला हार घालतील, मग कॉलेजातल्या प्रयोगशाळेनंच काय घोडं मारलंय? भैरवीनं नवऱ्याच्या यंत्राची पूजा केली, आणि दणक्यात केली.

यंत्र म्हणजे एक काचेची नळी. एका बाजूनं कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा आणि हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. मग नळीत जांभळी वीज फुलते, वायू फुटतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यापासून पुढं मिथेनॉल करता येतं. कारखान्यांच्या धुरातनं इंधन काढायचं, हे अभिरामचं खूळ. यंत्र नीट चालायच्या आधीच उन्हाळ्यात हायवेवर त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं, तो जागीच गेला, आणि ते खूळ बायकोच्या गळ्यात पडलं.

पूजेला धुपाटण्यात निखारे होते. त्यांच्या धुरानं भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलायला लागला. त्या वायूला ना रंग, ना वास; माणूस बसल्या जागी झोपतो तो उठतच नाही, म्हणून तो अलार्म. पण आरतीत ती कटकट कोण ऐकून घेणार? भैरवीनं त्याची पिन उपसली. झेंडूचा भलामोठा हार नळीच्या जोडावर अडकवला. पिन परत लावायची राहिली ती राहिलीच.

दसऱ्याच्या सुट्टीत ती एकटीच यायला लागली. बाहेर स्पीकर बोंबलत होते, म्हणून तिनं खिडक्या लावून घेतल्या आणि यंत्र सुरू केलं. थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. मागं खुर्ची कुरकुरली.

"व्होल्टेज जरा कमी कर की," अभिराम म्हणाला.

तिनं वळून बघितलं. निळा शर्ट, दुमडलेल्या बाह्या. अंगावर सरसरून काटा आला. पण पळायची बुद्धी? छे! बाई आधी रडली, मग कडाकडा भांडली. "दमलेला असताना गाडी चालवू नको म्हणून किती सांगितलं होतं रे!" तो नुसता हसला. ती बाहेर व्हरांड्यात आली की तो नाहीसा व्हायचा. दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं, तर परत हजर.

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील, म्हणोत बापडे. डोकं फुटायला यायचं, तरी ती सकाळ व्हायची वाट बघायची.

एक दिवस त्यानं हात पुढं केला. "चल, घरी जाऊया." ती उठायला गेली, तर पायात त्राणच नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. यंत्राची जोडणी बघणारा तोहिद इचलकरंजीहून सुट्टी आटपून आला होता. बंद खिडक्या, भिंतीवर लोंबणारी पिन, ओघळलेला हार. त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं यंत्र बंद केलं आणि तिला ओढतच व्हरांड्यात आणलं.

"म्याडम, हाराच्या वजनानं जोड ढिला झालाय! सगळा गॅस खोलीत साठलाय. मेला असता की ओ!"

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, हा वायू डोक्यात भिनला की माणसाला नसलेलं दिसतं. भैरवीनं मान हलवली आणि तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारखं तिला वाटलं.

कॉलेजची सुट्टी संपल्यावर तोहिदनं तिच्या देखत पान्यानं जोड घट्ट आवळला, अलार्म लावला, खिडक्या सताड उघडल्या. यंत्र सुरू झालं. जांभळी वीज फुलली, आणि अभिरामनं स्वप्नात बघितला होता तितका वायू बाटलीत जमायला लागला.

"साहेब पायजे हुते बघा आज!" तोहिदला आनंद मावत नव्हता.

भैरवी खुर्चीकडं बघत होती. खुर्ची रिकामी. मग तिची नजर जोडावर गेली, तिथनं टेबलावरच्या पान्यावर. अर्धा फेरा उलटा फिरवला की झालं. तिनं पाना उचलला.

तिनं तो तोहिदच्या हातात कोंबला.

"हा तुझ्या घरी घेऊन जा. प्रयोगशाळेची किल्लीपण ने. मला हितं एकटीला येऊ देऊ नकोस, मी किती का रडेना."