ताडपत्रीखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे. रावेरजवळच्या एका केळी पॅकिंगच्या शेडमध्ये, कॉम्प्युटरच्या पोटात माझं घर आहे. एके काळी माझा काय तोरा होता! लग्नाचे फोटो, भजनं, सिनेमे, सगळं माझ्याच हातून जायचं. आता वर्षभर माझ्या खणावर खोक्यांची धूळ बसते.

फक्त श्रावणात माझी आठवण होते. आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, त्या दिवशी शेडचे मालक कुंदनभाऊ कॉम्प्युटर उचलून घरी नेतात आणि मी देवीसमोर मंदाबाईंची तबकडी वाजवतो. मंदाबाई आणि कुंदनभाऊंच्या आई बेबाबाई या जावा-जावा. एकीनं गाण्यातून प्रश्न विचारायचा, दुसरीनं उत्तर द्यायचं. बारा वर्षांपूर्वी तबकडी केली तेव्हा नेमका बेबाबाईंचा घसा बसला होता, म्हणून तिच्यात नुसते प्रश्नच आहेत. आता मंदाबाई राहिल्या नाहीत, आणि त्यांचा आवाज या एका तबकडीशिवाय कुठेच नाही.

यंदा बेबाबाईंनी हट्टच धरला. सगळी उत्तरं त्यांनी मोबाईलमध्ये गाऊन ठेवली. "माह्या जाऊच्या बाजूलेच ठेव मले," त्यांनी मुलाला बजावलं. कुंदनभाऊंनी गाणी कॉम्प्युटरवर घेतली, तबकडी माझ्यात घातली. पडद्यावर आलं, शिल्लक जागा शून्य.

"गाडी फुल भरेल आहे," ते म्हणाले. त्यांचा जन्म ट्रक भरण्यात गेला. "आधी जुना माल उतरवा लागीन. दोन-तीन गाणे काढतो."

त्यांनी पुसण्याचं बटण दाबलं. पण ती तबकडी पुसून पुन्हा लिहिता येणारी होती, आणि अशी तबकडी पुसली की पूर्णच कोरी होते. दोन-तीन नाही, सगळीच गाणी जाणार होती! पडद्यानं विचारलं, नक्की पुसायचं? मला सगळं कळत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं.

"थांबा भाऊ!" खोक्यांवर चिठ्ठ्या लावणारी कामिनी धावत आली. तिनं आधी 'नाही' दाबलं. मग तबकडी काढून दारातल्या उन्हात तिरकी धरली. मधला भाग गडद होता, त्याच्या बाहेरचा लख्ख.

"हे गडद तेवढं लिहिलेलं. बाकी कोरं आहे."

"मंग शून्य काहून दाखोते?"

"ट्रकले ताडपत्री बांधली का वरून माल टाकता येत नाही ना? तसंच हे. पेनड्राइव्हसारखं इथं सरळ काही ठेवता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर शून्य म्हणतो. आत किती जागा आहे ते तबकडी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये पाहा लागते."

खरंच, त्या प्रोग्रॅममध्ये निम्म्याहून जास्त जागा दिसली. पण कामिनीनं लगेच घाई केली नाही. आधी मंदाबाईंची सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. या पोरीचं किती कौतुक करू! मग मी त्या कोऱ्या जागेत बेबाबाईंची उत्तरं जीव ओतून लिहिली.

कानबाईच्या दिवशी मी मंदाबाईंचा प्रश्न वाजवला, मग बेबाबाईंचं उत्तर. बेबाबाईंनी पदर तोंडाला लावला. "बारा वर्सं वाट पाह्यली वं तू," एवढंच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, पडद्यावर अजूनही शून्यच दिसतं. कुठलाही आकडा पाहून घाईनं काही पुसू नका. आधी एक प्रत काढा, मग वस्तू उजेडात धरून नीट पाहा. आणि जमलं तर माझ्या खणावरून वर्षातून एकदा फडकं फिरवा. पुढच्या श्रावणातही मला तो प्रश्न विचारायचा आहे, आणि उत्तर द्यायला आता बेबाबाई आहेत.