कागदावरचं भोक

ओल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा टेलोने खाणीच्या कड्याला टेकवून उभा केला, त्यावर पांढरा कागद टाचला आणि कागदाच्या मधोमध कोळशाने नाण्याएवढा ठिपका काढला. मग पाठ वळवून तो शंभर पावलं मोजत मागे आला. पाटीच्या दगडाची ती खाण बंद पडून जमाना झाला होता. तळाशी गुडघाभर धुकं साचलं होतं. पावलांचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता आणि टेलो थांबल्यावरही एक पाऊल जास्तीचं ऐकू आलं.

खडकावर त्याने काडतुसांच्या तीन डब्या ओळीने मांडल्या.

"कोल्हा मारायचाय, की जावई निवडायचाय?" हेलेद म्हणाली. टेकडी तिची, टेकडीवरच्या दोनशे मेंढ्या तिच्या, आणि नवरा गेल्यापासून सगळा व्याप तिच्या एकटीच्या डोक्यावर.

"जावई वाईट निघाला तर पोरगी माघारी येते," टेलो म्हणाला. "गोळी माघारी येत नाही."

वेल्सच्या त्या दरीत निम्म्या लोकांचं आडनाव एकच, म्हणून माणूस धंद्यावरून ओळखला जाई. टपाल वाटणारा तो इवान टपाल आणि हा टेलो बंदूक. कोकरांच्या हंगामात कुठूनही निरोप आला की हा हजर. त्याने मारलेल्या कोल्ह्याला आपण मेलो हे कळतसुद्धा नाही, असं लोक म्हणत. पूर्वी तो स्वतःही म्हणायचा.

"अकरा कोकरं गेली," हेलेद म्हणाली. "अजून आठवडाभर असंच चाललं तर मला कळप विकावा लागेल. पण खरं सांगू? गेल्याचं एवढं नाही. मागे जे सापडतं ना, त्यानं झोप उडालीय माझी."

"काय सापडतं?"

"कोल्हा कसा खातो ते मला तुम्ही शिकवायला नको. डोकं तोडेल, शेपूट खाईल, उरलेलं पुरून ठेवेल. इथं तसं नाही. वरच्या सपाट दगडावर मांसाचे तुकडे असतात. बारीक, नखाएवढे. माझ्या आजीचे दात गेले होते, तेव्हा आई तिच्या ताटात असंच बारीक करून वाढायची."

टेलो काडतूस बोटांत फिरवत राहिला.

"आणि संध्याकाळी आवाज येतो. माझे कुत्रे बैलाला भीत नाहीत, पण तो आवाज आला की गाडीखाली जाऊन बसतात."

"कसला आवाज?"

"फुटक्या भात्यातून हवा जावी तसा."

टेलोची बोटं थांबली. त्याने पहिल्या डबीतलं काडतूस भरलं, पोटावर आडवा झाला आणि गोळी झाडली. दोघं कागदापाशी गेली. भोक ठिपक्यातच होतं. गठ्ठा उलगडला, तर पुढे करंगळी जाईल एवढं छिद्र आणि आत मूठ मावेल एवढा खड्डा.

"कोल्हा म्हणजे काय, नुसती केसांची फुगवण," तो म्हणाला. "आत मांजराएवढं अंग. त्याला हलकी गोळी हवी, आत गेल्या गेल्या पसरणारी. तिथल्या तिथे संपतं मग. टणक गोळी आरपार जाते आणि जनावर दोन दोन दिवस कुठंतरी मरत पडतं."

तिसरी डबी नव्या तांब्याच्या गोळ्यांची होती. ठिपका तिनेही गाठला, पण आत नीट उमलली नाही. त्याने ती पिशवीत टाकली.

"आणि ही मधली?"

"ती नको."

"मग आणलीत कशाला?" हेलेदने झाकण उघडलं. "यातलं एकच वापरलंय."

कशाला आणली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. गेल्या वसंतात त्याची नेहमीची डबी दुकानात संपली होती. "नंबर तोच आहे, नळीत बसतंय ना? झालं तर," दुकानदार म्हणाला होता. डबी बदलली की आधी खाणीत यायचं, कागदावर झाडून बघायचं आणि मगच जनावरासमोर जायचं, हे त्यानेच दरीतल्या पोरांना कान धरून शिकवलेलं. पण त्या दिवशी पाऊस होता, आणि चाळीस वर्षांच्या हाताला कागद कशाला लागतो, असं त्याच्या मनात आलं. कोल्हा तोंड समोर करून उभा होता. छातीवर नेम धरला होता. कोल्हा गिरकी घेऊन नेच्यांच्या झुडपांत घुसला आणि जाताना त्याच्या तोंडून जो आवाज आला तो कोल्ह्याचा नव्हता. टेलोने दोन दिवस टेकडी धुंडाळली. मग शेजारच्या वाडीवाल्याला सांगितलं, मेला, दरीत पडला. वाऱ्याने गोळी हलली असेल, असं स्वतःला सांगितलं.

"दे इकडे," तो म्हणाला.

त्याने नवा कागद टाचला, मधल्या डबीतली ती टणक गोळी भरली आणि श्वास रोखून झाडली. पानही हलत नव्हतं. कागदापाशी जाऊन त्याने ठिपक्यावर हात आडवा ठेवला. भोक चार बोटं वर होतं. चार बोटं, म्हणजे छातीवरून थेट जबडा. गठ्ठ्याच्या पाठीमागेही तेवढंच, सुबक, गोल भोक होतं.

"काय झालं?" हेलेदने विचारलं. "चेहरा का उतरला?"

"काही नाही. जड जनावरांची गोळी आहे ही," असं म्हणून त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण त्याने पिशवी खांद्याला लावली आणि टेकडीची वाट धरली.

उन्हं कलायच्या आधी तो दगडी कुंपणाच्या आडोशाला बसला. समोर वाळलेल्या नेच्यांचा तांबूस उतार, वर तो सपाट दगड. गोळी दगडामागच्या चढाच्या मातीत रुतावी म्हणून त्याने जागा मुद्दाम खालची घेतली होती. मेंढ्या चरायच्या थांबून एकाच बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या, एकही ओरडत नव्हती.

कोल्हीण खिंडीतून आली. तोंडात कोकरू होतं. टेलोने दुर्बिणीतून आधी तिचं पोट पाहिलं, कारण बिळात पिल्लं उपाशी मरतील अशी आई तो मारत नसे. थानं कोरडी होती. जबडा पाहिला, तो धड होता. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. ही वेगळीच होती, म्हणजे त्याचा कोल्हा कधीच मरून गेला होता!

पण पिल्लं नसलेली कोल्हीण शिकार जागेवर खाते. ही सपाट दगडावर आली, कोकरू खाली ठेवलं आणि दाढेने मांस तोडून, चावून, बाजूला मांडू लागली. एक तुकडा, मग दुसरा. स्वतः गिळत नव्हती. ती वळून बाजूने उभी राहिली, खांदा मोकळा दिसला आणि त्याने हलकी गोळी झाडली. कोल्हीण उभ्या जागी बसली, तशीच राहिली. तिला खरंच काही कळलं नाही.

तो उठणार, एवढ्यात नेच्यांतून तो आवाज आला.

कोल्हा तीन पावलं यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. बरगड्या मोजाव्यात इतका वाळलेला. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता आणि श्वास त्यातूनच वाजत होता. तो दगडावर चढला, कोल्हिणीपाशी गेला आणि लहान पिल्लू आईपाशी मागतं तसं तिचं तोंड चाटू लागला. चावलेले तुकडे पुढ्यात पडले होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. बराच वेळ चाटून झाल्यावर तो तिच्या शेजारी बसला आणि मान वळवून थेट कुंपणाकडे बघू लागला. तोंड समोर, छाती समोर. अकरा महिन्यांपूर्वी उभा होता तसाच.

टेलोच्या डोळ्यांना धारा लागल्या. दुर्बिणीत सगळं धूसर झालं. त्याने बाहीने डोळे पुसले, दुसरं हलकं काडतूस भरलं आणि या खेपेला गोळी नेमली तिथेच लागली.

हेलेद फाटकापाशी उभी होती. त्याने दोन्ही जनावरं तिच्यासमोर ठेवली.

"दोन होते? शाब्बास! दोन बार ऐकून मला वाटलं, म्हातारा पहिल्यांदाच चुकला." ती हसत होती. त्याचं तोंड बघून थांबली.

त्याने वाकून कोल्ह्याचं तोंड उघडून दाखवलं. हाड दोन ठिकाणी तुटून वेडंवाकडं सांधलं होतं.

"कुणी केलं हे?"

त्याने खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. "मी. गेल्या वर्षी. डबी बदलली होती आणि झाडून बघितली नाही. वर मेला म्हणून सांगितलं. ही त्याला भरवत होती, हेलेद. तुझी कोकरं माझ्यामुळं गेली."

हेलेदने कागद उजेडात धरला. भोकातून तिला टेकडी दिसत असावी, कारण ती कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिली.

"इतके दिवस गप्प बसलात."

"हो."

मारलेला कोल्हा फाटकाजवळच्या तारेवर टांगायची तिथली रीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. टेलोने सवयीने सुतळी काढली आणि कोल्हिणीच्या पायाला गाठ मारायला घेतली. हेलेदने ती त्याच्या हातातून काढून घेतली. गोठ्यात जाऊन तिने फावडं आणलं आणि त्याच्यापुढे जमिनीत रोवलं.

"भिंतीपलीकडची माती मऊ आहे," ती म्हणाली. "खड्डा एकच खणा, दोघं मावतील एवढा. आणि टेलो, पुन्हा माझ्या टेकडीवर येऊ नका."

ती आत गेली. टेलोने कोट काढून फाटकावर ठेवला आणि खणायला सुरुवात केली.