कोपऱ्यांतली शांतता

तिसरीच्या वर्गात बाईंनी दोन चुली मांडल्यात, असं मोठे सर कुत्सितपणे म्हणत. सहा मुलं सतरंजीवर बाईंभोवती बसून वाचलेल्या गोष्टीवर बोलायची. बाकीची कोपऱ्यांत आपापली रमायची. कुणी जोडीनं वाचायचं, कुणी गोष्टीतल्या माणसाला पत्र लिहायचं, कुणी चित्र काढून खाली दोन ओळी खरडायचं. वर्गभर गुणगुण चाले आणि बाईंना ती फार आवडे.

शाळेची रीत मात्र जुनी होती. वर्ष सुरू झालं की पालकांपैकीच कुणीतरी छडी आणून द्यायचं आणि म्हणायचं, "हाडं आमची, कातडं तुमचं." यंदाचा मान वर्गातल्या खुदखुदीच्या बापाला मिळाला. बाप सुतार. पोरांच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून त्यानं छडी घासून, वर पॉलिश चढवून दिली. केवढी ही माया! वाचता वाचता हसू फुटायचं, म्हणून वर्गानं त्याच्या लेकीचं नाव खुदखुदी ठेवलं होतं.

बाईंनी ती छडी कपाटावर टाकून दिली होती. पण एके दिवशी मोठे सर दारात उभे राहिले.

"हा वर्ग आहे की बाजार?"

"सर, मुलं वाचतायत."

"वाचायला तोंड कशाला हलवावं लागतं? उद्यापासून हे खूळ बंद."

बाई गयावया करू लागल्या, तेव्हा सर जरा नरमले. "बरं, घ्या तुमची चर्चा. कोपरे मी सांभाळतो." बाईंचा जीव भांड्यात पडला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, हे त्यांना कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट होती एका म्हाताऱ्या गाढवाची. मालक त्याला रोज बडवतो आणि गाव बघत राहतं.

"ते पळून का नाही गेलं?" सतरंजीवरच्या एकीनं विचारलं.

"जाणार कुठं? त्याला दुसरं घर आहे का?" दुसरा म्हणाला.

बाई हरखल्या. तेवढ्यात पाठीमागे सपकन आवाज झाला. त्यांची पाठ ताठली.

"हं, मग पुढे?" त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं.

सपक. सपक. कोपऱ्यात कुणीतरी हुंदका गिळला. बाईंनी आवाज आणखी चढवला. आज चर्चा मोडली तर ती कायमची मोडेल, या भीतीनं त्या मागे वळल्याच नाहीत.

"पण गावातल्यांनी अडवलं का नाही?" एकानं विचारलं. सहाही मुलं बाईंच्या खांद्यावरून मागे बघत होती.

त्या कोपऱ्यात खुदखुदी तीच गोष्ट वाचत होती. गाढवानं मालकाची टोपी खाल्ली तिथं तिला हसू आवरलं नाही.

"शिकायला येतेस की दात काढायला?" सर ओरडले. कपाटावरून काढलेली ती छडी तिच्या कानशिलावर बसली. खुदखुदी बाकाच्या कडेवर आदळून खाली पडली, तरी सरांचा हात थांबला नाही. पाठीवर, दंडावर, डोकं झाकणाऱ्या बोटांवर ते मारत सुटले. कानातून आलेलं रक्त उघड्या पुस्तकावर सांडलं.

आता बाई धावल्या. पुढचा फटका त्यांनी स्वतःच्या मनगटावर झेलला आणि छडी हिसकावून घेतली.

"बस्स! आता हात उचललात तर पोलिसांना मी बोलावीन."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे!"

निरोप मिळताच बाप धावत आला. केसांत लाकडाचा भुसा तसाच होता. सवयीनं त्यानं आधी लेकीलाच विचारलं, "काय केलंस गं?"

"हसले, बाबा."

त्यानं बाईंच्या हातातली छडी पाहिली. त्याच्या पॉलिशवर रक्त होतं. "मी कुसळं काढली होती हो बाई," एवढंच तो म्हणत राहिला.

उजव्या कानानं ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी तक्रार केली, बापानं साक्ष दिली, सरांची चौकशी सुरू झाली. कोपरे पुन्हा गुणगुणू लागले.

खुदखुदी परत आली ती डावा कान बाईंकडे करून सतरंजीवर बसली. अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा निघाली. गावानं का नाही अडवलं, तोच प्रश्न आला.

"बाई, सर मारत होते तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं?" खुदखुदीनं विचारलं.

बाईंचे दोन्ही कान शाबूत होते.

"येत होतं."

"मग?"

बाईंनी पुस्तक मिटलं आणि कोपऱ्यांतल्या सगळ्या मुलांना सतरंजीवर बोलावलं. या उत्तरावर मार खाल्लेल्या त्या मुलांचाच हक्क जास्त होता.