सावलीतलं काचघर

“तिथं ऊन येत नाही हो, भाऊ,” बाई म्हणाल्या, तशी हेडसरांनी टेबलाखालून त्यांच्या चपलेवर बूट ठेवला.

शाळेत रोपांसाठी काचघर व्हावं म्हणून विज्ञानाच्या या बाई वर्षानुवर्षं दारोदार हिंडल्या होत्या. आता निवृत्ती तोंडावर आलेली. कुणी दिलं नाही ते समोर बसलेल्या या काचवाल्यानं आपण होऊन देऊ केलं. काच, चौकट, मजुरी, सगळं. अट एकच. काचघर मागच्या फाटकाजवळ बांधायचं. त्याची पोरगी शाळा सुटल्यावर तिथंच थांबायची, बापाची वाट बघत. पाचवीत होती. तापानं गेली.

“गच्चीवर बांधू या ना. नाव तिचंच देऊ.”

“गच्चीवर ती कधी गेली नाही, बाई.”

तो गेल्यावर हेडसर उखडले. “धर्माची गाय आणि दात का गं नाय? घ्या मुकाट्यानं!”

बाईंनी घेतलं.

देवाचं ऊन सगळ्यांना सारखं म्हणतात. शाळेच्या तिमजली इमारतीला ते मान्य नव्हतं. टोमॅटोची रोपं उजेड शोधत दोऱ्यासारखी लांबली, पिवळी पडली, माना टाकून मेली. मग बाई नवी रोपं लावून रोज सकाळी गच्चीवर नेऊ लागल्या आणि संध्याकाळी काचवाला रोजच्यासारखा यायच्या आत खाली आणून मांडू लागल्या. गुडघे बोलायला लागले. पण बापाला सांगायचं कोणत्या तोंडानं?

एक दिवस तो भरदुपारीच आला. रिकाम्या काचघरात उभा राहिला. गच्चीवरून ते दिसताच बाई हाताला लागला तो ट्रे घेऊन धापा टाकत खाली आल्या.

“भाऊ, जरा उन्हाला म्हणून...”

“राहू द्या, बाई. जन्म काचा बसवण्यात गेला. ऊन कुठून येतं ते मला कळत नाही होय?”

“मग अट कशाला घातलीत?”

“ती गेल्यावर फाटकाशी येऊन उभा राहायचो. शिपाई म्हणाला, पोर नाही, तर तुमचं इथं काय काम? बरोबरच होतं त्याचं.” काचवाल्यानं चौकटीवर हात ठेवला. “आता कुणी हटकत नाही.”

म्हणजे बाईंनी जन्मभर मागितलं ते हे नव्हतंच. आणि दुसरं मागायला आता दिवस उरले नव्हते.

त्यांनी ट्रे दाराबाहेर ठेवला. आत येऊन बाकावरच्या रिकाम्या कुंड्या एकेक करून खाली उतरवल्या आणि हातानं फळीवरची माती बसण्यापुरती झाडली.