पाच लेकरं जमेपर्यंत

मी एक जुना निळा डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. गोड गोड गोष्ट हवी असेल तर त्या कपाटातल्या बाहुलीला विचारा.

आज माझ्या पोटात अंगणवाडीचे लाकडी ठोकळे असतात. पण माझा जन्म ठोकळ्यांसाठी झाला नव्हता. माझ्या भिंती जाड आहेत. बर्फाच्या चार चपट्या बाटल्या चार बाजूंना उभ्या केल्या की बाहेर ऊन कितीही रणरणू दे, माझ्या आत दिवसभर गारवा. त्या गारव्यात मी लस न्यायचो. दिवेआगरच्या अलीकडच्या एका गावात आशाताई नूतन मला खांद्याला अडकवून हिंडायची.

करोनाच्या दिवसांत काय माझा थाट होता! माणसं उजाडल्यापासून रांगेत उभी. नारळी-पोफळीच्या मोठ्या वाडीचे मालक विश्वंभरकाका, त्यांनी तर मला झेंडूचा हार घातला आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मी भोळा. मला वाटलं, आता गाव शहाणं झालं.

मग तो मार्गशीर्षातला बुधवार आला. थंडी नुकती पडली होती. नऊ महिने पूर्ण झालेल्या लेकरांना गोवराची लस द्यायची होती. नूतनच्या यादीत पाच नावं होती आणि माझ्या पोटात पाच लेकरांना पुरेल एवढी एक बाटली.

आलं एकच लेकरू. डोंगरावरच्या वाडीतून क्रांती तासभर चालून आली होती, कडेवर तिची गोदू. गोदूला सारखं हसायचं वेड. अंगणवाडीच्या दारावरची घंटा वाजली की मान वळवायची आणि खिदळायची.

बाकीची चार? येसाजीच्या एकत्र कुटुंबातली तीन. घरात लग्न होतं, आणि टोचल्यावर पोरांना ताप आला तर हळदीचा विरस होईल म्हणे! चौथा विश्वंभरकाकांचा नातू वरद. नूतन बोलवायला गेली, तर काका म्हणाले, "आमच्या वरदला पुण्याच्या डॉक्टरांकडे टोचून घेऊ. तुमचं ते सरकारी राहू दे." हार घालणारे हात तेच बरं का!

अंगणवाडीत टोचायला आलेल्या नर्सबाई दोन वाजेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "एकीसाठी बाटली फोडली तर उरलेली टाकून द्यावी लागेल. मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीत मी. पाच लेकरं जमू देत, पुढच्या महिन्यात देऊ."

"मॅडम, एक लेकरू असलं तरी फोडायची असा नियम हाय," नूतन म्हणाली.

"नियम मला नको शिकवू."

क्रांती काकुळतीला आली. "बाई, पुढल्या महिन्यात मला रजा गावायची न्हाय. आजच टोचा की."

माझ्यापासून चार हातांवर ते लेकरू होतं. माझ्या पोटात ती बाटली गार, शाबूत. मला हात असते तर मीच झाकण उघडून दिलं असतं! पण मी डबा. मला तसाच बंद उचलला आणि परत नेला. इतका जड मी कधीच झालो नव्हतो.

वरदला पुण्याला कुणी नेलंच नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. तीन आठवड्यांनी त्याच्या अंगावर गोवराचे लाल पुरळ उठले. काकांच्या पोफळीच्या वाडीत क्रांती सुपाऱ्या सोलायला जायची, आणि गोदूची झोळी काकांच्याच पडवीत बांधलेली असायची. वरदला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, आठ दिवसांत तो खेळायला लागला. गोदूला माणगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत ताप डोक्यात गेला होता. ती वाचली. दोन्ही कान मात्र महिनाभर वाहत राहिले.

नर्सबाई त्यानंतर नूतनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आता एक लेकरू आलं तरी त्या बाटली फोडतात. बैल गेला आणि झोपा केला! मला त्यांची कीव येते, पण राग जात नाही. येसाजीवरचा नाही, आणि काकांवरचा तर मुळीच नाही.

गेल्या वर्षी माझ्या झाकणाला चीर गेली आणि मी इथे अंगणवाडीत येऊन पडलो. गोदू आता तीन वर्षांची आहे. ती रोज माझ्याजवळ बसते, ठोकळ्यानं माझ्यावर धपाधप मारते आणि जरा थांबून बघते. पुन्हा जोरात मारते. दारावरची घंटा वाजते तेव्हा सगळी मुलं वळतात, ती वळत नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आईला तुमचं लसीचं कार्ड काढायला सांगा. एखादी चौकट रिकामी असेल तर हट्ट धरा, रडा, जमिनीवर लोळा. नूतनसारखी कुणीतरी तुमच्याही गावात डबा घेऊन येतेच. आणि कधी आमच्या अंगणवाडीत आलात, तर गोदूला मागून हाक मारू नका. तिच्या समोर येऊन उभे राहा.